दीड बोटाचं दुखणं

पहाटे साडेचारला जाग आली तेव्हा उशीखाली कुणाचा तरी हात होता. गार, जड आणि अगदी परका. मी घाबरून उजव्या हाताने तो उचलला आणि बाजूला ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं की तो माझ्याच खांद्याला जोडलेला आहे. मग हळूहळू त्यात जीव आला आणि जिवाबरोबर मुंग्या आल्या. करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात. हाताला मुंग्या कुणाला येत नाहीत? येतात, झटकल्या की जातात. या मात्र दाढी करताना तिथेच होत्या, चहाचा कप धरताना होत्या, आणि पतसंस्थेत जाऊन मस्टरवर सही केली तरी आपल्या जागेवर हजर होत्या.

पुढचं सांगण्याआधी एक सांगायला हवं. मी वेटलिफ्टर आहे.

हे वाक्य मी संधी मिळेल तिथे म्हणतो आणि ऐकणारा दर वेळी आधी माझ्या पोटाकडे बघतो. बघू दे. 2022च्या जुलैत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आमच्या सांगलीच्या संकेत सरगरने 55 किलो वजनगटात रौप्यपदक मिळवलं. स्नॅचला 113, क्लीन अँड जर्कला 135, एकूण 248. सोनं गेलं ते एका किलोने. 139 उचलताना त्याचं उजवं कोपर दुखावलं आणि मलेशियाचा खेळाडू 249 करून पुढे गेला. त्या रात्री सांगलीत ज्या ज्या पुरुषांनी पोटावरून हात फिरवत 'आपणही काहीतरी केलं पाहिजे' असं म्हटलं, त्यांतला मी एक. फरक इतकाच की बाकीचे भडंग खाऊन झोपले. मी भडंग खाऊन झोपलो आणि सकाळी उठून व्यायामशाळेत नाव घातलं.

नुसता बार वीस किलोचा असतो हे मला पहिल्या दिवशी कळलं. त्यावर आणखी काही लावायचं असतं हे तिसऱ्या महिन्यात कळलं. आज वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझा क्लीनचा विक्रम साठ किलोचा आहे. म्हणजे बारच्या दोन्ही टोकांना वीस-वीसची एकेक निळी प्लेट. हा विक्रम मी एकदाच केला आणि त्या वेळी व्यायामशाळेत कोच सोडून कुणी नव्हतं. कोच सव्वीस वर्षांचा आहे आणि मला काका म्हणतो. त्याच्या आयुष्याचं एकच मागणं आहे, "काका, कोपर वर घ्या की ओ!" बार खांद्यावर घेताना कोपरं समोर, वर, छातीच्या पुढे आली पाहिजेत. माझी कोपरं जमिनीकडे बघतात. आमच्या घराण्यात कुणाचंच कोपर कधी वर गेलेलं नाही.

तर मुंग्या. शिपायाने चहा ठेवताना मला हात झटकताना पाहिलं.

"साहेब, काय होतंय?"

"मुंग्या आल्यात रे."

"कुठला हात?"

"डावा."

त्याने ट्रे टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभात सुद्धा कुणी बघणार नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या डाव्या हाताला स्वतःचं असं काही दुखणं असूच शकत नाही. तो हृदयाच्या वतीने बोलतो, असं सगळे धरून चालतात. पाच मिनिटांत बायकोला फोन गेला, दहा मिनिटांत कॅशियरने माझ्या खिशातली तिजोरीची किल्ली 'सहज' मागून घेतली, आणि अर्ध्या तासात मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे उघड्या छातीने पडलो होतो. छातीला गार जेली, मनगटांना चिमटे. बायको बाजूला उभी राहून विम्याचे हप्ते कुठपर्यंत भरलेत ते विचारत होती. सहजच.

पट्टी बाहेर आली. डॉक्टरांनी ती दोन्ही हातांत धरून उजेडाकडे केली. "एकदम नॉर्मल."

"मग हे?"

"वजनं उचलता ना तुम्ही? कुठेतरी नस दबली असणार."

हे त्यांनी पेनचं टोपण लावता लावता म्हटलं. त्यांना कल्पना नाही की त्या वाक्याने त्यांनी माझं काय करून ठेवलं. मी शर्टाची बटणं लावली ती छाती फुगवून. आयुष्यात मला मूळव्याध झाली, पित्त झालं, गजकर्ण झालं. इंज्युरी कधी झाली नव्हती. दुखणं कुणालाही येतं, इंज्युरी खेळाडूलाच होते. दुखण्याला काढा मिळतो, इंज्युरीला आदर. गावातल्या एका कोपराने बर्मिंगहॅम पाहिलं होतं. आता दुसरंही त्या वाटेला लागलं, असं काहीतरी माझ्या मनात आलं. एवढं निर्लज्ज कसं वाटू शकलं, ते आता विचारू नका.

पुढचा महिनाभर मी ही इंज्युरी गावभर मिरवली. लोक "काय, कसं काय?" म्हणाले की मी डावा हात थोडा वर धरून बोटं उघडमीट करायचो, म्हणजे पुढचा प्रश्न त्यांनाच विचारावा लागे. पण सांगलीत आदराबरोबर औषधही मिळतं. मावशीने गरम दुधातून हळद सांगितली. हळदीची एवढी मोठी बाजारपेठ असलेल्या गावात दुसरं काय सांगणार? जावयाचं मन रमत नसेल तर त्यालाही ती हळदच देईल. शेजारच्या काकांनी महानारायण तेल आणून दिलं. ते लावून मी पतसंस्थेत गेलो आणि त्या दिवशी कर्ज मागायला आलेल्या दोघांनी आत डोकावून "नंतर येतो" म्हटलं.

सगळ्यात ठाम होता माझा मावसभाऊ. तो म्हणाला, "गॅप आहे."

"कसली गॅप?"

"मानेच्या मणक्यात. माझी होती तशीच."

आपल्याकडे गॅप नसलेला माणूस मला भेटायचाय. मावसभावाने त्याच संध्याकाळी मानेचा पट्टा आणून दिला. हा पट्टा त्यांच्या घरात 2009 सालापासून आहे. आधी त्याच्या वडिलांनी वापरला, मग त्याने, मग त्याच्या सासूने, आणि मधल्या काळात तो एका साडूकडे इचलकरंजीला जाऊन आला. पैठणीसारखा जपलेला. घडीला सासूबाईंच्या पावडरचा वास. तो घालून मी चार दिवस वावरलो. मान खाली जात नव्हती, त्यामुळे ताटात काय वाढलंय ते पहिल्या घासानंतर कळायचं. रस्त्यात ओळखीचे लोक मला बघून थांबायचे. ते मला दिसतच नाहीत असं वाटून पुढे जायचे. मुंग्यांवर पट्ट्याचा परिणाम शून्य. त्या मानेतून येत असत्या तर त्यांना वाटेत अडवलं गेलं असतं, अशी माझी तेव्हाची समज होती.

कोचला दाखवलं. त्याने हात धरून पाहिला, दाबला, हलवला आणि म्हणाला, "काका, कोपर वर घेत नाही तुम्ही. सांगून सांगून थकलो."

मग एक दिवस नोटा पडल्या. बंडल मोजताना डाव्या हाताच्या बोटांत ते अडकवून धरायचं असतं. पंचवीस वर्षं ही बोटं न चुकता बंडल धरत आली. त्या दिवशी करंगळीने अचानक राजीनामा दिला आणि पाचशेच्या शंभर नोटा काउंटरवर, खुर्चीखाली आणि पंख्याच्या कृपेने थकबाकीदारांच्या बाकड्यापर्यंत गेल्या. नव्याण्णव परत मिळाल्या. शंभरावी त्या दिवशी कुणी पाहिली नाही. संध्याकाळी ती मी माझ्या खिशातून भरली आणि बायको म्हणाली, "आता मिरज."

आमच्याकडे दुखणं गंभीर झालं की त्याला मिरज म्हणतात. कर्नाटकातून गाड्या भरभरून लोक मिरजेला डॉक्टर दाखवायला येतात. आम्ही सांगलीकर दहा किलोमीटरवर असून अगदी शेवटी जातो. मिरज दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. दवाखाने आणि तंतुवाद्यं. दवाखान्याला वेळ होता म्हणून आम्ही सतारमेकरांच्या गल्लीतून चालत गेलो. एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवत होते. तार आधी नुसती खण्ण करायची, दोरा केसभर पुढे गेला आणि ती गायला लागली. मी त्यांना म्हणालो, "आमचीही एक तार बिघडलीय." त्यांनी वर न बघता समोरच्या दवाखान्याकडे बोट दाखवलं. त्यांना हा विनोद रोज ऐकायला मिळत असावा.

मेंदू आणि नसांच्या डॉक्टर बाई साठीच्या, बारीक, आणि शब्द मोजून वापरणाऱ्या. मी प्रस्तावनेला सुरुवात केली, "मी वेटलिफ्टर आहे." त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं.

"मुंग्या कुठे?"

"करंगळी आणि अनामिका."

"अनामिका पूर्ण?"

हा काय प्रश्न झाला? बोटाला मुंग्या येतात म्हणजे बोटाला येतात. पण बाईंनी कापसाचा बोळा घेतला आणि डोळे मिटायला सांगितलं. करंगळीवर कापूस फिरला, तो मला रजईतून फिरल्यासारखा लागला. अनामिकेच्या करंगळीकडच्या बाजूला तसाच. आणि त्याच बोटाच्या मधल्या बोटाकडच्या बाजूला एकदम स्वच्छ, नेहमीसारखा. मी डोळे उघडून बोटाकडे बघितलं. ज्या बोटात लग्नाची अंगठी आहे, त्या बोटाची मधोमध वाटणी झालेली होती आणि मला इतकी वर्षं पत्ता नव्हता!

बाईंनी समजावून सांगितलं. अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्यापर्यंत एका नसेची हद्द. उरलेली अर्धी अनामिका आणि अख्खी करंगळी दुसरीची. या दुसरीचं नाव अल्नर. म्हणजे एका सात-बारावर दोन भाऊ आणि बांध बरोबर बोटाच्या मधून. आमच्या पतसंस्थेत अशी पन्नास प्रकरणं पडून आहेत, पण त्यांची मोजणी इतकी चोख मी कधी पाहिली नाही. साडेतीन बोटांच्या थोरल्याचं काही म्हणणं नव्हतं. तक्रार दीड बोटाच्या धाकट्याची होती.

मग तपासण्या. मान एका बाजूला कलती करून त्यांनी डोक्यावर वरून दाब दिला. हाताला काही नाही. "मानेचं नाही," त्या म्हणाल्या आणि 2009 सालचा पट्टा बायकोने पिशवीत अजून खाली सारला. अंगठा आणि तर्जनी यांच्यात एक कागद धरायला दिला. "मी ओढते, सोडायचा नाही." बाईंनी ओढला. मी सोडला नाही. पुन्हा ओढला. नाही. पंचवीस वर्षं कागद न सोडण्याचाच पगार घेतलाय, बाई. "ताकद शाबूत आहे," त्यांनी लिहिलं. शेवटी छोटी हातोडी घेऊन त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागच्या खाचेत टक् केलं. करंगळीच्या टोकापर्यंत वीज गेली. मी "आई गं!" केलं, बाहेर बसलेल्या एका कानडी आजोबांनी उठून आपला नंबर बदलून घेतला.

दाराच्या कडेला कोपर आपटलं की जो करंट बसतो, तो हाडाला बसत नाही, या नसेला बसतो. ती तिथे जवळजवळ कातडीखालीच, उघड्यावर असते. निसर्गाने एवढं मोठं शरीर बांधलं आणि एक वायर बाहेरून टाकली.

"बार दोन्ही हातांनी उचलता?"

"अर्थात."

"मग मुंग्या एकाच हातात का?"

मी गप्प. महिनाभरात हा प्रश्न मला पडला नव्हता, कोचला नाही, मावसभावाला नाही.

"झोपता कसे?"

"डाव्या कुशीवर."

"त्याआधी?"

"जरा वेळ मोबाइल."

"जरा म्हणजे?"

मी बायकोकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. "दोन तास," ती छताला म्हणाली.

"काय बघता?"

"वेटलिफ्टिंग," मी म्हणालो. खोटं नव्हतं. मीराबाई चानूने टोक्योला 115 किलो जर्क केलं ते मी किती वेळा पाहिलंय याची गणती नाही. तिचं स्वतःचं वजन तेव्हा 49च्या गटातलं. कोपरं कशी वर जातात बघा तिची.

बाईंनी मला तपासणीच्या पलंगावर झोपून दाखवायला सांगितलं. मी डाव्या कुशीवर झालो, कोपर पार दुमडलं, आणि नाकासमोर फोन धरला. "असं दोन तास," त्या बायकोला म्हणाल्या, जणू मी संग्रहालयात ठेवलेला आहे. कोपर पूर्ण दुमडलं की नस ताणली जाते आणि तिची खाच अरुंद होते. मी तिला रोज रात्री दोन तास ताणून धरत होतो आणि मग तसाच हात उशीखाली घेऊन झोपत होतो.

"ऑफिसात टेबलाला काच आहे?"

"आहे." त्या काचेखाली गणपती, ठेवींच्या व्याजदरांचा तक्ता आणि माझा साठ किलोचा फोटो आहे. फोटो कोचने काढला होता, डोकं कापलं गेलंय.

"डावं कोपर टेकता?"

"दिवसभर," बायको म्हणाली. "गाल हातावर ठेवून बसलेले असतात."

थकबाकीदाराची कारणं ऐकायची तर दुसरं कसं बसणार? पण ते मी बोललो नाही. मी वेगळंच विचारलं आणि माझा आवाज मला व्याजमाफी मागणाऱ्या माणसासारखा ऐकू आला. "पण बाई, बारचा काहीच वाटा नाही?"

त्यांना दया आली असावी. "असेल. बार खांद्यावर घेताना कोपर दुमडतं, मनगट मागे वाकतं. दोन आणे धरा."

"आणि चौदा?"

त्यांनी माझा फोन उचलून तळहातावर तोलला. "हा. केवढा असेल? दोनशे ग्रॅम?"

मग नसेची वेगचाचणी झाली. हाताला तारा चिकटवून छोटे छोटे झटके देतात आणि संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. माझ्या मनगट ते कोपर भागात वेग सेकंदाला 58 मीटर निघाला. मी मनात हिशेब केला: ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. सांगली-मिरज रस्त्यावर मी आयुष्यात चाळीसच्या पुढे गेलेलो नाही आणि माझी करंगळी ही! कोपरापाशी मात्र तो 44 वर घसरला होता. मध्ये रेल्वे फाटक. अहवालाच्या शेवटी निष्कर्ष होता आणि त्यात पहिलाच शब्द 'माइल्ड'. मी तो दोनदा वाचला. महिनाभर मिरवलेल्या इंज्युरीला माइल्ड? निदान 'मध्यम' तरी लिहायचं.

उपचार ऐकून मी आणखी खचलो. ना ऑपरेशन, ना इंजेक्शन. काचेवर कोपर टेकायचं नाही. अंथरुणात फोन नाही. सहा आठवडे क्लीन बंद. आणि रात्री कोपर दुमडू नये म्हणून त्याला टर्किश टॉवेल गुंडाळून वरून क्रेप बँडेज.

सरळ हाताने झोपून बघा एकदा. तो हात कुठेतरी ठेवावा लागतो. खाली सोडला तर पलंगाबाहेर, वर केला तर दिव्याचं बटण, आणि बाजूला पसरला तर बायकोच्या हद्दीत. पहिल्या रात्री मी कूस बदलली आणि टॉवेलचा तो सोटा तिच्या नाकावर बसला. दुसऱ्या दिवशी पलंगाच्या मधोमध एक लोड आला. हा बांध आणि ही तिची बाजू, असं तिने हाताने दाखवलं. मला अनामिकेची आठवण झाली.

आणि तो व्यायाम! नस आपल्या मार्गातून सैल सरकावी म्हणून फिजिओथेरपीच्या मुलीने शिकवलेला. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा, कोपर बाजूला उचलायचं आणि हात उलटा फिरवून तो गोल डोळ्याला लावायचा, बाकीची तीन बोटं गालावर खाली. म्हणजे एका डोळ्याचा चष्मा. दिवसातून तीन वेळा, हळूहळू दहादा. दुपारचा एक फेरा पतसंस्थेतच यायचा. मी केबिनमध्ये बसून डोळ्याला चष्मा लावत होतो आणि समोर, काचेपलीकडे, आमचा सगळ्यात जुना थकबाकीदार उभा होता. दोन वर्षं ज्याला आम्ही नोटिसा पाठवत होतो. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी थांबू शकत नव्हतो, सहावा चालू होता. सातव्याला तो गेला. तिसऱ्या दिवशी त्याने दोन हप्ते आणून भरले आणि शिपायाला हळूच विचारलं, "साहेब आता लक्ष ठेवून असतात वाटतं?"

सहा आठवड्यांनी मुंग्या बऱ्याच पांगल्या. पहाटे एखादी चुकार येते, पत्ता विचारून जाते. मी पुन्हा व्यायामशाळेत गेलो. एक नवा कॉलेजचा पोरगा बेंचवर बसून पाणी पीत होता. त्याने माझ्या कोपराचं बँडेज बघितलं. ते खरं तर फक्त रात्री लावायचं होतं. मी तसाच आलो होतो.

"काका, इंज्युरी?"

"हं. अल्नर नर्व्ह."

"आयला! कितीवर झाली?"

मी हातांना पांढरी पूड चोळली. सावकाश, बोटांच्या मधूनही. अर्ध्या अनामिकेला जरा जास्त.

"दोनशे," मी म्हणालो.

पोराने बाटली खाली ठेवली. पलीकडे कोच बारला निळ्या प्लेटा चढवत होता. त्याचे हात क्षणभर थांबले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. निळ्या दोन्ही काढल्या, दहा-दहाच्या हिरव्या लावल्या आणि हाक मारली, "या काका. आज चाळीस. आणि कोपर वर."